घडीचे सामर्थ्य

विद्यार्थी कोणत्याही देशातला असो, त्याला दोन गोष्टींची गरज असतेच. लिहावयास टेकण्याजोगी एखादी सपाट जागा हवी आणि वाचावयास पुरेसा उजेड हवा. वही मांडीवर घेऊन, मान खाली घालून तासन् तास लिहिणाऱ्या मुलाची पाठ अवघडते. मिणमिणत्या दिव्यापुढे बसून वाचणाऱ्याचे डोळे शिणतात. मेज आणि दिवा या दोन वस्तू सधन घरी सहज मिळतात. परंतु जेथे पैसा थोडा, तेथे त्या कशा पोहोचवाव्यात, हा प्रश्न थोर विचारवंतांना आणि कुशल कारागिरांना वेळोवेळी पडत आला आहे. नवल असे की, या प्रश्नाचे एक उत्तर कागदासारख्या दुबळ्या वाटणाऱ्या वस्तूत आणि तिला घातलेल्या घडीत सापडले आहे.

वर्धा शहरातील मगनवाडी हे स्थान या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि तिच्यातील घर लोककार्यासाठी दिले, आणि महात्मा गांधींचे निष्ठावंत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव देण्यात आले. इ. स. १९३४ च्या डिसेंबरात तेथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. त्याचे सूत्रधार होते डॉ. जे. सी. कुमारप्पा. लंडन येथे हिशेबशास्त्राचे आणि अमेरिकेत अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेला हा विद्वान मगनवाडीत येऊन तेलघाणी, मधमाशापालन, हातकागद अशा उद्योगांच्या अभ्यासात रमून गेला. खेड्यात जे पिकते आणि जे वाया जाते, त्यातूनच खेड्याच्या गरजा भागविता येतील काय, याचा शोध तेथे चालू होता. इ. स. १९३८ च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. हे संग्रहालय आजही वर्ध्यात पाहावयास मिळते.

मगनवाडीत हातकागद बनविण्याचे काम चाले. हातकागदाची रीत पाहण्यासारखी असते. जुन्या सुती चिंध्या, रद्दी, गवत किंवा बांबू यांपैकी जे मिळेल ते भिजवून, कुटून त्याचा लगदा करावयाचा. तो हौदातील पाण्यात कालवून त्यात जाळीचा साचा बुडवावयाचा आणि अलगद आडवा वर उचलावयाचा. पाणी जाळीतून गळून जाते आणि तंतूंचा पातळ थर जाळीवर राहतो. तो थर दाबून, वाळवून, त्यास खळ लावून आणि गुळगुळीत दगडाने घोटून कागद तयार होतो. महाराष्ट्रास ही विद्या नवी नव्हती. जुन्नर, एरंडोल आणि दौलताबादेजवळील कागजीपुरा येथील कागद एके काळी दूरवर नावाजलेला होता. यंत्रावर तयार झालेला स्वस्त कागद आला, तेव्हा हे कारागीर मागे पडले. त्यांचा धंदा पुन्हा उभा राहावा, ही मगनवाडीची एक तळमळ होती.

जी वस्तू इतक्या श्रमाने तयार होते, तिचा तुकडाही वाया जाऊ नये, असा तेथील दंडक होता. गांधीजी आलेल्या पत्रांची पाकिटे फेकून देत नसत. पाकीट उकलले, उलटले की आतील कोरी बाजू लिहिण्यास मिळे. पाकीट म्हणजे तरी काय? चार कडा आत दुमडलेला एक कागद. घडी उघडली की त्याच कागदाचा दुसरा उपयोग सुरू होई. सेवाग्राम येथील बापू कुटीत गांधीजींची जमिनीवरील बैठक आणि पुढील बुटके मेज जतन करून ठेवलेले आहे. आसपासची माती, बांबू आणि लाकूड यांतून उभारलेल्या त्या घरात गरजेपलीकडे एकही वस्तू दिसत नाही. देशाचा मोठा कारभार त्या बुटक्या मेजावर चालत असे.

मेजाची सोय झाली, तरी दिव्याचे काय? त्या काळी घरोघर रॉकेलचे कंदील होते. रॉकेल बाहेरून येई आणि खेड्यातील पैसा त्यापायी बाहेर जाई. गावच्या तेल्याची घाणी मात्र बंद पडत चालली होती. ग्रामोद्योग संघाने वनस्पतींच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ नावाचा दिवा तयार केला, तो याच विचाराने. खाण्याच्या उपयोगी नसलेले बियांचे तेल त्यात जाळता यावे, असा हेतू होता. यात एक शास्त्रीय अडचण असते. रॉकेल पातळ असल्याने वातीतून उंच चढते. बियांचे तेल दाट असल्याने तितके चढत नाही. म्हणून असे तेल जाळावयाचे, तर ते ज्योतीच्या अगदी जवळ असावे लागते. कंदिलात रॉकेलाऐवजी हे तेल ओतून काम भागत नाही. दिव्याची घडणच बदलावी लागते. वस्तू बदलली की तिच्या स्वभावाचा नव्याने विचार करावा लागतो, हा धडा मगनदीपाने दिला.

आता कागदाचा स्वभाव पाहावा. एक जाडसर कोरा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा आडवा ठेवला आणि त्यावर एखादे खोडरबर ठेवले, तर कागद लगेच खाली वाकतो. तोच कागद उचलून त्यास एकाआड एक उलटसुलट अशा अरुंद उभ्या घड्या घालाव्या आणि पुन्हा पुस्तकांवर ठेवावा. आता त्यावर अनेक नाणी ठेवली तरी पूल ढळत नाही. कागद तोच, वजन तेवढेच; मग हे बळ आले कोठून?

याचे कारण असे. कोणतीही पट्टी वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा थर ताणला जातो. मधल्या थरावर मात्र ताण नसल्यासारखाच असतो. यावरून, जो भाग मध्यापासून दूर असतो, तोच वाकण्यास खरा विरोध करतो, हे कळून येते. सपाट कागदाचा सारा भाग मध्याला चिकटून असतो. घड्या घातल्या की त्याचा काही भाग वर जातो, काही खाली जातो, आणि दोन्ही मध्यापासून दूर होतात. पट्टीची जाडी दुप्पट केली, तर वाकण्यास होणारा तिचा विरोध आठपट होतो. यावरून मध्यापासूनच्या अंतराचे महत्त्व ध्यानात येईल. घराच्या छपरावरील नालीदार पत्रा याच कारणाने सपाट पत्र्याहून बळकट असतो.

विदर्भातील जेवणावळीत हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. पळसाची पाने एकमेकांस काडीने टाचून, कडा दुमडून द्रोण करतात. सपाट पानावर आमटी ठरत नाही. दुमडलेल्या पानात ती सांडत नाही. वाण्याच्या दुकानातील पुडी, पावसाच्या पाण्यात सोडलेली होडी, वाऱ्यावर फिरणारी भिंगरी, ही सारी घडीचीच लेकरे होत.

घडीच्या या विद्येस कलेचे रूप दिले ते जपानने. चीनमधून कोरियामार्गे कागद जपानात पोहोचला, तो सातव्या शतकाच्या आरंभी, असे मानतात. तेथील कारागिरांनी कोझो नावाच्या तुतीवर्गीय झाडाच्या सालीपासून पातळ, पण चिवट कागद बनविला. असा कागद वारंवार दुमडला तरी लवकर फाटत नाही. चौकोनी कागद न कापता, न चिकटविता, केवळ घड्या घालून पक्षी, फुले, प्राणी करण्याच्या कलेस तेथे ‘ओरिगामी’ म्हणतात. ‘ओरी’ म्हणजे घडी आणि ‘कामी’ म्हणजे कागद. कागदाचे क्रौंच पक्षी करण्याची रीत सांगणारे एक जपानी पुस्तक इ. स. १७९७ मध्ये छापले गेले. विसाव्या शतकात अकिरा योशिझावा या कलावंताने घड्यांच्या खुणा ठरविल्या. डोंगरासारखी वर येणारी घडी एका प्रकारच्या तुटक रेषेने, दरीसारखी खाली जाणारी दुसऱ्या प्रकारच्या रेषेने आणि दुमडण्याची दिशा बाणाने दाखवावयाची, अशी ती पद्धत आहे. तीमुळे भाषा न कळणाऱ्या माणसासही दूर देशीच्या घड्या करता येऊ लागल्या. हा कलावंत तरुणपणी एका कारखान्यात काम करीत असे आणि नव्या कामगारांस भूमिती समजावून सांगण्यासाठी कागदाच्या घड्या वापरीत असे.

भारतातही असा एक लेखक होऊन गेला. मद्रासकडील टी. सुंदर राव यांनी इ. स. १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे एक इंग्रजी पुस्तक लिहिले. कंपास व पट्टी न घेता, केवळ कागद दुमडून त्रिकोण, पंचकोन, षट्कोन कसे साधावेत, हे त्यात दाखविले आहे. जर्मनीतील प्रख्यात गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि पुढे ते अमेरिकेतही छापले गेले. हाताने काम करता करता बुद्धी वाढावी, हा जो विचार इ. स. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथील शिक्षण परिषदेत मांडला गेला आणि ‘नयी तालीम’ या नावाने प्रसिद्ध झाला, त्याच्याशी या पुस्तकाचे नाते किती जवळचे आहे!

वर्ध्यास जपानचा परिचय दुसऱ्याही मार्गाने झाला आहे. निचिदात्सू फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू इ. स. १९३३ मध्ये वर्धा येथे गांधीजींना भेटले. पुढे जपानी भिक्षू आश्रमात राहिले आणि त्यांच्या बौद्ध मंत्रास आश्रमाच्या प्रार्थनेत स्थान मिळाले. वर्ध्यातील शुभ्र विश्वशांती स्तूप त्या स्नेहाची साक्ष देत उभा आहे. थोडक्या साधनांत नीटनेटके राहावे, ही आवड सेवाग्रामच्या कुटीत आणि जपानच्या जुन्या घरात सारखीच दिसते.

जुन्या जपानी घरात ‘आंदोन’ नावाचा दिवा असे. लाकडी चौकटीस कागद लावून त्याच्या आत तेलाची वाटी आणि वात ठेवीत. कागदामुळे वाऱ्यापासून ज्योतीचे रक्षण होई आणि उजेडही सौम्य होई. उजेड सौम्य का होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. कागदात असंख्य तंतू असतात आणि तंतूंच्या मधे हवा असते. हवेतून तंतूत आणि तंतूतून हवेत जाताना प्रकाशाचे किरण वारंवार वळतात आणि चहूकडे विखुरतात. त्यामुळे एका बिंदूतून येणारा झगझगीत प्रकाश साऱ्या कागदावर पसरतो. भज्यांचे तेल लागलेल्या कागदातून पलीकडचे दिसू लागते, याचेही कारण हेच आहे. तेल तंतूंमधील हवेची जागा घेते आणि किरणांचे विखुरणे कमी होते.

कागदास घड्या असल्या, तर आणखी एक गंमत होते. घडीची एक बाजू दिव्याकडे जास्त वळलेली असते, दुसरी कमी. म्हणून एक उजळ दिसते, तर दुसरी किंचित सावळी. एकाच पांढऱ्या कागदावर छायाप्रकाशाची नक्षी आपोआप उमटते; रंगाचा थेंबही लागत नाही. दिवाळीत दारी लावलेल्या आकाशकंदिलाचे सौंदर्य बरेचसे यातच आहे.

या गुणांचा उपयोग जगातील अनेक कारागिरांनी केला. विसाव्या शतकाच्या आरंभी डेन्मार्कमधील वास्तुकार येन्सेन क्लिंट यांनी आपल्या रॉकेलच्या दिव्यासाठी कागदास चुण्या घालून छत्री केली. घरातील माणसे हौसेने अशा छत्र्या करीत राहिली आणि इ. स. १९४३ मध्ये त्या घरगुती छंदाचा व्यवसाय झाला. इसामू नोगुची या शिल्पकाराचे वडील जपानी आणि आई अमेरिकन होती. इ. स. १९५१ मध्ये ते जपानमधील गिफू या गावी गेले. तेथील कारागीर बांबूच्या बारीक कामट्यांवर तुतीचा कागद लावून मिटता येणारे कंदील करीत. नोगुचींनी त्याच रीतीने विजेच्या दिव्यांसाठी नवे आकार घडविले आणि त्यांस ‘आकारी’ म्हणजे प्रकाश असे नाव दिले. मोठा थोरला दिवा मिटला की चपट्या पेटीत मावतो. इ. स. २०१२ मध्ये जपानचे इसेई मियाके यांनी टाकाऊ प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या कापडास गणिती घड्या घालून दिव्यांच्या छत्र्या तयार केल्या. त्यांना आतून सांगाडा लागत नाही. घडीच त्यांचा सांगाडा असते.

दिव्याचे झाले, तसेच मेजाखुर्चीचेही झाले. सामान भरण्याचा पुठ्ठ्याचा खोका फोडून पाहिला, तर दोन सपाट कागदांमध्ये एक लाटांसारखा कागद चिकटविलेला दिसतो. ही लाट म्हणजे पुलाच्या प्रयोगातील घडीच होय. इ. स. १८७१ मध्ये अमेरिकेत अशा लाटेदार कागदाचे पेटंट घेतले गेले, ते बाटल्या आणि दिव्यांच्या काचा न फुटता पाठविता याव्यात म्हणून. शंभर वर्षांनी, इ. स. १९७२ मध्ये, फ्रँक गेरी या वास्तुकाराने या पुठ्ठ्याचे अनेक थर एकमेकांवर चिकटवून माणसाचे वजन सहज पेलणारी खुर्ची केली. जपानी वास्तुकार शिगेरू बान यांनी तर कागदाच्या जाड नळ्यांच्या भिंती उभारल्या. इ. स. १९९५ मध्ये कोबे येथे आणि इ. स. २००१ मध्ये आपल्या देशातील भूज येथे भूकंपाने हानी झाली, तेव्हा त्यांनी निराधारांसाठी कागदी नळ्यांची घरे बांधली.

महाराष्ट्रातील एक उदाहरण तर मुलांच्या अगदी जवळचे आहे. खेड्यांतील अनेक शाळांत मुले जमिनीवर बसून, वाकून लिहितात. नवी मुंबई परिसरात काम करणाऱ्या ‘आरंभ’ या संस्थेने इ. स. २०१४ च्या सुमारास रद्दीतील खोक्यांकडे या दृष्टीने पाहिले. खोक्याचा पुठ्ठा एका ठरावीक आराखड्याने कापावयाचा आणि खुणेच्या रेषांवर दुमडावयाचा. एका रीतीने उभा केला की ते जमिनीवर ठेवण्याचे उतरते मेज होई. दुसऱ्या रीतीने मिटला की तेच पुस्तके नेण्याचे दप्तर होई. खिळा नको, लाकूड नको, सुतार नको. जो पुठ्ठा दुकानामागे भिजत पडला असता, त्यामुळे मुलाची पाठ सरळ राहिली आणि वही डोळ्यांपासून योग्य अंतरावर आली.

तथापि कागदाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. पाणी लागले की तंतूंची एकमेकांवरील पकड सुटते आणि बळकट घडीचाही लगदा होतो; म्हणून पुठ्ठ्याच्या मेजास पावसाळा बाधतो. एकाच रेषेवर वारंवार दुमडले की तंतू तुटतात. आणि कागदाचे सर्वांत मोठे वैर अग्नीशी असते. पणतीवर वा मेणबत्तीवर कागदी छत्री ठेवणे म्हणजे आगीस आमंत्रणच होय. आजचे एल. ई. डी. दिवे जुन्या दिव्यांच्या मानाने पुष्कळ कमी तापतात, म्हणून कागदी छत्र्यांस ते अधिक सोयीचे ठरले आहेत. तरीही दिवा आणि कागद यांत अंतर ठेवावेच लागते. कोणत्याही साधनाचे गुण जाणणे जितके आवश्यक, तितकेच त्याचे दोष जाणणेही आवश्यक असते.

घडीचे तत्त्व आता आकाशापर्यंत पोहोचले आहे. जपानी शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांनी अशी एक घडी शोधली की, मिटलेला मोठा कागद दोन कोपरे ओढताच एका झटक्यात उलगडतो. इ. स. १९९५ मध्ये जपानने सोडलेल्या एका अंतराळयानात याच घडीची सौरतावदाने होती. प्रक्षेपणाच्या वेळी ती लहान जागेत मिटून बसली आणि अवकाशात गेल्यावर पसरली.

मगनवाडीचा मगनदीप आणि अंतराळातील सौरतावदान यांत अंतर फार मोठे आहे. तरी दोहोंच्या मुळाशी असलेली दृष्टी एकच आहे. जवळ जे आहे त्याचा स्वभाव नीट ओळखावा, त्याच्यातील लपलेले बळ शोधावे आणि थोडक्यात पुष्कळ साधावे, अशी ती दृष्टी होय. कागदाचे मोल बाजारात कवडीचे असेल. परंतु जाणत्या हाताची घडी पडली की तोच कागद भार पेलतो, उजेड वाटतो आणि शिकणाऱ्या मुलाची पाठ सरळ ठेवतो.

स्वाध्याय

१. मगनदीप तयार करण्यामागे ग्रामोद्योग संघाचा कोणता हेतू होता? बियांचे तेल कंदिलात रॉकेलाप्रमाणे का जाळता येत नाही?

२. घडी घातलेला कागद सपाट कागदापेक्षा अधिक भार का पेलतो, हे चार-पाच वाक्यांत सांगा.

३. कारणे द्या : (अ) तेलकट कागदातून पलीकडचे दिसते. (आ) पुठ्ठ्याच्या मेजास पावसाळा बाधतो. (इ) घड्यांच्या कंदिलावर छायाप्रकाशाची नक्षी दिसते.

४. ‘घडी’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ शोधा आणि ‘घडी बसणे’, ‘घडी विस्कटणे’ हे वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत योजा.

५. ‘पाकीट म्हणजे तरी काय?’ आणि ‘नाते किती जवळचे आहे!’ या वाक्यांचे प्रकार सांगून त्यांची विधानार्थी रूपे लिहा.

६. उपक्रम : जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यापासून, न चिकटविता, पुस्तक वाचताना टेकवून ठेवण्याची एक घडवंची करा. ती किती पुस्तकांचा भार पेलते, हे पाहून वहीत नोंद करा.